अनुभवाचा दाखला

कॉम्प्युटरसमोर आल्या की त्या आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या. मान जराशी कलती करून पडद्याकडे बघत राहायच्या. एक मिनिट, दोन मिनिटं, कधी पाच. शेजारी माझ्यासारखा उतावळा मालक नाचत असला तरी त्यांच्या डोळ्याची पापणी हलायची नाही. मग मला विचारायच्या, "शेठ, काय दिसतंय?"

"बंद पडलंय!"

"ते तुमाला वाटतंय. दिसतंय काय ते सांगा."

असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. काही अडलं की सगळे त्याच्याकडे बघतात आणि पाटीवर मात्र त्याचं नाव नसतं. आमच्या कारखान्यात त्या होत्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे, मीही. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. ज्या कागदावर लिहायला हवं होतं तिथे मी ते लिहिलं नाही. आता इथे लिहून मोठेपणा कशाला मिरवू?

पुण्याजवळ उरवड्याला आमचा छोटा कारखाना आहे. गाड्यांच्या दारात, इंजिनात, वायरींच्या भोकात बसणारे रबराचे बारके भाग आम्ही बनवतो. ताई तपासणीच्या बाकावर असायच्या. साच्यातून निघालेल्या भागाला चिकटलेलं जास्तीचं रबर कात्रीनं कापायचं, भाग भिंगाखाली धरायचा, चांगला निळ्या क्रेटमध्ये, तडा गेलेला लाल क्रेटमध्ये. डोंगराच्या अंगाला असलेल्या वाडीतून त्या चालत यायच्या. शिक्षण नववी. आठ वर्षं त्या बाकावर होत्या, आणि आठ वर्षांत मी त्यांच्याशी दिवाळीच्या मिठाईव्यतिरिक्त कशावरही बोललो नव्हतो.

माझं दुःख वेगळंच होतं. आमच्या मागच्या डोंगराच्या पलीकडे हिंजवडी. तिथे जिकडे दगड मारावा तिकडे आयटीवाला. आणि डोंगराच्या अलीकडे मी, एका लेबलच्या प्रिंटरपुढे हात जोडून उभा. आमचा माल घेणाऱ्या कंपनीनं फर्मान काढलं होतं की प्रत्येक खोक्यावर बारकोडचं लेबल हवं, प्रत्येक भागाचा इतिहास कॉम्प्युटरमध्ये हवा. कॉम्प्युटर आणले, सिस्टीम बसवली. चालवणारा माणूस टिकेना. मुलं यायची, चार महिन्यांत आमच्या पैशानं शिकायची आणि डोंगर ओलांडायची. मुलाखतीला आलेल्या एकानं विचारलं, "सर, घरून काम करता येईल का?" मी म्हटलं, "अरे, प्रिंटर इथे आहे." तो सहानुभूतीनं म्हणाला, "मग तो शिफ्ट करायला लागेल."

एक जण तर सिस्टीमचा पासवर्ड कुणालाच न सांगता गेला. रविवारी कंदी पेढे घेऊन मी हिंजवडीजवळ मारुंजीला त्याच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. पेढा तोंडात टाकून तो बराच वेळ घुटमळला आणि शेवटी कागदावर लिहून दिला. माझं टक्कल आणि पुढे एक-दोन-तीन. "सर, लक्षात राहावा म्हणून ठेवला होता," म्हणाला. तो पासवर्ड पुढचे कित्येक महिने रोज सकाळी मी स्वतःच्या बोटांनी टाइप करत होतो, कारण बदलायचा कसा हे कोणालाच माहीत नव्हतं.

अशाच एका दुपारी गाडी दारात भरून उभी, आणि लेबलं कोरी निघायला लागली. पांढरी स्वच्छ. मी प्रिंटर उघडला, आपटला, फुंकला. ताई लेबलं न्यायला आल्या होत्या. दाराशी हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

"शेठ, रोजच्या पोराच्या नाकाला कदी काळं लागलेलं मी बगितलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुमच्या नाकाला लागलंय. म्हंजी शाई तुमच्याकडं हाय, कागदाकडं न्हाई."

शाईची पट्टी मी उलटी बसवली होती. ती सुलटी केली आणि गाडी गेली. त्या संध्याकाळी मी बायकोला हे सांगितलं, नाक पुसत पुसत. ती म्हणाली, "अहो, मग डोंगरापलीकडे कशाला बघताय? दिवसभर दोष शोधायचं काम करते ती बाई. तिलाच शिकवा की."

आमच्या घरात चांगल्या कल्पना हिला सुचतात आणि त्यांचं भाषण मी करतो. हे पुढे तुमच्या लक्षात येईलच.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना बोलावलं. काम काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"कागदावर लिवून द्याल का?"

"काय?"

"मी ह्ये काम करते, असं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, वीस वर्षं एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. कारखाना बंद पडला, कारखानदार गाव सोडून गेला. दाखला कोणी दिलाच नव्हता. पुढे जिथे गेले तिथे विचारणा झाली, आधी कुठे होतात, काय करत होतात, कागद दाखवा. "हातात काम हुतं, कागुद न्हवता," ताई म्हणाल्या. "आता एका सोसायटीचं गेट उगडत्यात आन् लावत्यात. म्हनून म्हनलं, माझं तरी कागदावर असू द्या."

"देऊ की! त्यात काय!" मी म्हणालो. माझ्या या दोन वाक्यांत केवढी हवा होती, हे मला नंतर कळलं.

लवळ्याच्या टेकडीवरच्या एका कॉलेजात शिकवणारे एक मास्तर दर शनिवारी दोन तास यायला तयार झाले. ताई शिकू लागल्या. इंग्रजी अक्षरं ओळखता यायची, अर्थ लागायचा नाही. त्यावर त्यांनी आपली तोड काढली. दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर जे दिसतं ते, उजव्या पानावर जे करायचं ते. डावीकडे चित्र: पिवळा त्रिकोण, मध्ये उद्गारचिन्ह, खाली दोन चौकोन. उजवीकडे: "डाव्या चौकोनाला हात लावायचा न्हाई. उजव्याला एकदाच. मग शंभर मोजायचं." मास्तर ती वही पान पान उलटत बघत गेले आणि म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्यांना ही दाखवायला हवी."

वर्षभरात आमच्याकडचा आरडाओरडा थांबला. माझा पासवर्ड बदलला गेला, हे तर त्यांनी पहिल्याच महिन्यात केलं. बदलताना जुना वाचून त्यांचा चेहरा जराही हलला नाही, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. शेजारी पुठ्ठ्याची खोकी बनवणारे आणि त्यांच्या पलीकडे नटबोल्ट बनवणारे, दोघांचीही माझ्यासारखीच गत होती. मग ठरलं, मंगळवारी दुपारी ताई खोकीवाल्यांकडे, गुरुवारी नटबोल्टवाल्यांकडे. तिघांत मिळून एक माणूस. मी चहाच्या टपरीवर ऐटीत सांगायचो, "आमचा आयटी विभाग चालत येतो आणि डबा स्वतःचा आणतो."

एक नियम त्यांनी स्वतः घातला. दर शनिवारी सगळ्या माहितीच्या दोन प्रती दोन डिस्कवर घ्यायच्या. एक कारखान्यात, एक माझ्या घरी. "दोन्ही हितंच ठिवल्या आन् आग लागली, तर दोन्ही जळतील," म्हणायच्या. आमच्या घरी ती डिस्क तूरडाळीच्या डब्याशेजारी असे. महिन्यातून एकदा त्या घरची डिस्क मागवून तिच्यातली एखादी जुनी नोंद उघडून बघायच्या. मी म्हणायचो, "ठेवलीय ना, मग झालं." त्या म्हणायच्या, "बी ठिवलं म्हनून उगवतंय का शेठ? चार दानं भिजवून बगावं लागत्यात."

दाखला मात्र राहून जात होता. सहा महिन्यांनी त्यांनी आठवण केली, वर्षानं केली. मी दर वेळी, "अरे हो, या आठवड्यात नक्की." बायको विचारायची, "दिलात का?" मी म्हणायचो, "लेटरहेड संपलेत." लेटरहेड खोकीवाल्यांच्या समोरच छापून मिळतात.

तीन वर्षं अशी गेली आणि ऑडिट आलं.

माल घेणाऱ्या कंपनीकडून आधी एक लांबलचक फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: माहिती यंत्रणेचे प्रमुख, नाव, शिक्षण, अनुभव. मी पेन्सिलीनं ताईंचं नाव लिहिलं. शेजारी शिक्षणाच्या रकान्यात 'नववी' लिहिलं. मग खुर्ची मागे सरकवून लांबून बघितलं. काय सांगू, तो शब्द मला फॉर्मवर पडलेल्या डागासारखा दिसायला लागला. मला वाटलं, ते हसतील. मला हसतील. खोडरबर घेतलं आणि खोडलं. तिथे माझ्या भाच्याचं नाव लिहिलं. तो हिंजवडीला एका कंपनीत इंजिनिअर आहे. त्याला एका दिवसाची रजा काढायला लावली.

"खोटं लिहिताय?" बायको म्हणाली.

"फॉरमॅलिटी गं."

"भाच्याला आपला प्रिंटर तरी माहीत आहे का?"

"तो मोठमोठ्या सिस्टीम चालवतो."

"मोठमोठ्या नाही विचारलं मी."

आदल्या दिवशी ताईंना सांगितलं, "उद्याचा दिवस तेवढं तपासणीच्या बाकावर बसा. ते लोक इंग्रजीत बोलतात. तुम्हाला उगाच त्रास."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जसं पडद्याकडे बघायच्या तसं, सावकाश.

"बरं," म्हणाल्या. कपाटातून जुना निळा एप्रन काढला. वही टेबलावर ठेवली. "तेवढी वही त्यांना द्या. एकवीस पानापासून डिस्कचं हाय."

भाचा सकाळी आला. वही चाळली आणि म्हणाला, "मामा, हे काय? चित्रकलेची वही?"

ऑडिटला आल्या त्या एक बाई होत्या. माझ्याच वयाच्या, साधी साडी, खांद्याला कापडी पिशवी. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "मराठीतच बोलू या ना. मला बरं पडतं."

ताईंना दिलेलं माझं कारण तिथेच निकालात निघालं.

तासभर सगळं ठीक चाललं. मग त्यांनी जुन्या मालाची एक नोंद काढली आणि भाच्याला म्हणाल्या, "असं समजा की हा कॉम्प्युटर आज सकाळी जळाला. मला या मालाचं रबर कुठल्या मिश्रणाचं आणि तपासलं कोणी, ते दुसऱ्या प्रतीतून काढून दाखवा."

भाच्यानं डिस्क लावली. पडद्यावर काहीतरी आलं. त्याच्या कपाळावरही काहीतरी आलं. "मी चहाचं बघतो," म्हणत मी उठलो आणि जवळजवळ पळतच तपासणीच्या बाकाशी गेलो.

ताई कात्री चालवत होत्या. मान वर केली नाही.

"ताई, अडलंय."

"काय दिसतंय?"

"मी... मी नीट बघितलं नाही."

"बगून या."

मी परत गेलो. मालक असून स्वतःच्याच कारखान्यात निरोप्या झालो होतो. ऑफिसच्या दारात पाय ठेवतोय तोच आतून भाचा घाबरून ओरडला, "मामा, पिवळा त्रिकोण आलाय!"

सबंध सकाळ त्यानं ठरल्याप्रमाणे मला 'सर' म्हटलं होतं. बाईंनी पेनाचं टोपण उघडलं, पुन्हा लावलं. मी पुन्हा बाकाशी.

"पिवळा त्रिकोण."

"मग डिस्क कडंच्या खाचंत लावलीया. मधल्या खाचंत लावाया सांगा. आन् चहा खरंच घिऊन जा, न्हाईतर त्यांना कळंल."

चहा घेऊन गेलो. मधल्या खाचेत डिस्क लागली. नोंद आली. तपासणाऱ्याच्या जागी ताईंचंच नाव होतं, कारण तो माल त्यांनी स्वतः तपासलेला होता. बाईंनी ते नाव मोठ्यानं वाचलं. "या अजून आहेत का कामाला?"

"आहेत," मी म्हणालो.

कारखान्यात फिरताना त्या नेमक्या त्या बाकाशी थांबल्या. एक भाग उचलून उजेडाला धरला. ताईंना विचारलं, "किती वर्षं आहात इथे?"

"अकरा."

"आणि काय काय काम करता?"

ताईंनी कात्री थांबवून माझ्याकडे बघितलं. त्या वेळी त्या माझ्यासाठी खोटं बोलू शकल्या असत्या, किंवा माझी फजिती करून खरंही बोलू शकल्या असत्या. दोन्ही केलं नाही. त्यांनी बोलायची जागा मला मोकळी करून दिली. तीन वर्षं त्या ज्या एका वाक्याची वाट बघत होत्या ते वाक्य म्हणायला माझ्यासमोर माणूस होतं, वेळ होता, मराठी होती.

मी म्हणालो, "हेल्पर आहेत." आणि कोणी ऐकलं नसेल अशा थाटात पुन्हा म्हणालो, "हेल्पर."

ताईंनी मान खाली घातली आणि कात्री सुरू केली.

गाडीत बसताना बाई मला म्हणाल्या, "यंत्रणा चांगली आहे. ती वही तर फारच चांगली. कोणी केली?"

"आमच्या टीमनं."

"हं." मग दार लावता लावता म्हणाल्या, "एक सांगते, अहवालात नाही लिहीत. भाचे हुशार असतात, पण ते काही इथे राहत नाहीत. आतलंच एखादं माणूस तयार करा. आम्हाला ते चालतं. नव्हे, आवडतं."

"हो हो, बघतो," मी म्हणालो.

आम्ही पास झालो. ताई दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला ऑफिसातल्या खुर्चीत येऊन बसल्या. एप्रन घडी घालून कपाटात. चेहरा रोजचाच. मला वाटलं, वा, विषय संपला. लाज वाटणाऱ्या माणसाला असं फार लवकर वाटतं.

सात-आठ महिन्यांनी त्या दाराशी आल्या. मास्तरांच्या कॉलेजात प्रयोगशाळेत मदतीला माणूस हवं होतं. कॉम्प्युटर सुरू करायचे, बिघाड बघायचा, नोंद ठेवायची. शिक्षणाची अट सैल होती, पण अनुभवाचा दाखला पाहिजे होता.

"शेठ, आता तेवढं द्याच."

मी बसून लिहायला घेतलं आणि अडलो. फॉर्ममध्ये तीन वर्षांचा प्रमुख माझा भाचा होता. त्याच तीन वर्षांचा दाखला ताईंना कसा द्यायचा? उद्या कोणी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले तर? हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. त्याच्या खाली आणखी एक होतं, ते तुम्हाला सांगतो: त्या जाऊ नयेत असं मला वाटत होतं. चांगला दाखला दिला की त्या जाणार.

मी टाइप केलं: "सदर महिला आमच्याकडे तपासणी विभागात अकरा वर्षांपासून मदतनीस म्हणून काम करत असून त्या प्रामाणिक, मेहनती व वक्तशीर आहेत." छापायचं बटण दाबलं. ऑफिसातल्या प्रिंटरनं घरघर केली आणि कागद अडकला.

आता बघा, माणसाला किती खाली जाता येतं. सवयीनं माझ्या तोंडून हाक गेली, "ताई, जरा बघा हो!"

त्या आल्या. हात मागे बांधले. बघितलं. मग वाकून बाजूचं झाकण काढलं, चुरगळलेला कागद अलगद ओढून काढला, झाकण लावलं. प्रिंटर चालू झाला. दाखला ओळ ओळ करत बाहेर आला आणि तो त्यांच्या हातात पडला. त्यांनी प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत वाचला.

"यात कॉम्प्युटरचं न्हाई, शेठ."

"अहो, ते... ते फाईलच्या दृष्टीनं जरा अडचणीचं आहे. पुढच्या ऑडिटनंतर दुसरा देतो ना मी."

"व्हय का," त्या म्हणाल्या. दाखल्याची चौपदरी घडी घातली. "प्रिंटरचा रूळ झिजलाय. बदलून घ्या, न्हाईतर सारखा अडकंल."

महिनाअखेरीला त्या गेल्या. जाण्याआधी बाकावरच्या एका बाईला सगळं शिकवलं, तिच्याकडून वहीची दुसरी प्रत लिहून घेतली. मी म्हणालो, "निदान मूळ वही तुम्ही न्या." "वही कारखान्याची हाय," म्हणाल्या. खोकीवाल्यांनी त्यांना साडी दिली, नटबोल्टवाल्यांनी कुकर दिला. मी भाषण दिलं.

भाषणांची आता मला सवयच झाली होती. गेल्या हिवाळ्यात मास्तरांच्याच लवळ्याच्या कॉलेजातून बोलावणं आलं. छोट्या उद्योजकांचा मेळावा, विषय, तंत्रज्ञांच्या टंचाईवर मात कशी करावी. आमच्या अडचणी तीन कारखान्यांनी मिळून कशा सोडवल्या याची बातमी मास्तरांमुळे तिथे पोचली होती. मी नवा कोट घालून गेलो. व्यासपीठावरून सांगितलं, बाहेर शोधत फिरू नका. तुमच्याच बाकावर बसलेलं, बारीक नजरेचं माणूस निवडा. त्याला त्याच्या भाषेत वही लिहू द्या. शेजाऱ्यांशी वाटून घ्या. जे ठेवलंय ते उघडून बघा. लोक लिहून घेत होते. मी म्हणालो, "आम्ही आमच्या एका साध्या हेल्परला यासाठी तयार केलं." टाळ्या पडल्या.

टाळ्या चालू असताना निळ्या गणवेशातली एक बाई डावीकडून आली आणि प्रत्येक वक्त्यासमोर पाण्याची बाटली ठेवत गेली. माझ्यासमोरही ठेवली. बाटलीचं नाव लोकांकडे येईल अशी फिरवून, नीट. मी वर बघितलं.

त्यांनी मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी, आणि पुढच्या वक्त्याकडे गेल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना शोधत गेलो. मागच्या खोलीत टेबलावरची आवरणं घडी करत होत्या.

"ताई, तुम्ही तर प्रयोगशाळेत होतात ना?"

"ती जागा न्हाई मिळाली. त्यांनी दाखला वाचला. म्हनले, मदतनीस हाय, मग साफसफाईच्या ठेकेदाराकडं जागा हाय. लगीच घेतलं."

"मास्तरांनी काही सांगितलं नाही?"

"सांगितलं. कागदावर न्हाई म्हनले साहेब लोक." त्यांनी आवरणाची टोकं जुळवली. "बरं हाय हितं. भाषन चांगलं झालं तुमचं."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो नव्हता.

"मी आजच दुसरा दाखला देतो. खरा. सगळं लिहून."

"तारीख कुटली घालनार?"

मी काढलेलं पेन परत खिशात ठेवलं.

"तवाची घातली, तर त्या बाईंच्या फायलीत तुमच्या भाच्याचं नाव हाय. आताची घातली, तर आता मी तुमच्याकडं न्हाई." त्यांनी हे अगदी शांतपणे सांगितलं, वहीतलं एखादं पान सांगावं तसं. मग घड्यांची चळत उचलली, हनुवटीखाली धरली आणि खांद्यानं दार ढकलून बाहेर गेल्या. दार झुलत राहिलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती. शेंग हातात तशीच ठेवून म्हणाली, "यात अवघड काय आहे? तारीख तेव्हाचीच घाला. आणि त्या ऑडिटवाल्या बाईंना कळवा, की मी खोटं लिहिलं होतं."

"माल घ्यायचा बंद केला तर?"

"केला तर केला. ताईंचं नाही का सगळं बंद झालं?"

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात बसून त्या बाईंना ईमेल लिहिला. पाच ओळींचा. फॉर्ममधलं नाव खोटं होतं, काम यांनी केलं, वही यांनी लिहिली, तुम्ही बाकाशी विचारलंत तेव्हा मी तुमच्याशी आणि त्यांच्याशीही खोटं बोललो. खाली ताईंचं पूर्ण नाव लिहिलं. मग मला एक शब्द बदलावासा वाटला, म्हणून ईमेल न पाठवता तसाच ठेवून दिला.

त्याला आता चार महिने झाले. पत्रव्यवहार हल्ली ताईंनी तयार केलेली ती बाकावरची बाई बघते. दर सोमवारी ती दारातून विचारते, "शेठ, ते एक पाठवायचं राहिलंय. पाठवू का?"

मी म्हणतो, "थांब जरा, बघतो."

ती बरं म्हणून जाते. उघडून वाचते की नाही, मी कधी विचारलेलं नाही. मराठीतच लिहिलंय.